प्लम केक मागाल तर फसाल

दिवाळीच्या फराळाची पार्सलं परदेशी रवाना झाली की आमच्याकडे येणाऱ्या पत्रांचा रोख बदलतो. चकल्या मऊ का पडल्या, हे विचारणारे वाचक नाताळच्या केकवर येतात. या वेळी आलेल्या पत्रांतले बहुतेक प्रश्न परदेशी राहणाऱ्या मुलांसाठी चांगला फ्रूटकेक कसा मिळवायचा याबद्दलचे आहेत, म्हणून सगळे एकत्रच घेतले.

मुलगा मिलानला शिकतो. तिथल्या दुकानात 'प्लमकेक' असं छापलेलं पाकीट त्याने आणलं, तर आत साधा पिवळा केक. एक मनुका नाही. ही फसवणूक नाही का? – एक वाचक, कॉलेज रोड

फसवणूक नाही, नावाचा घोळ आहे. इटलीत 'प्लमकेक' म्हणजे पावाच्या आकाराचा साधा, बहुधा दही घातलेला, सकाळी कॉफीबरोबर खायचा केक. जर्मनीत 'फ्लाउमेनकूखेन' मागितलात तर खऱ्याखुऱ्या ताज्या आलुबुखाऱ्यांचा केक समोर येईल; आपल्या कल्पनेच्या जवळ जाणारा तिथे 'एंग्लिशर कूखेन' या नावाने मिळतो. फ्रान्समध्ये याच जातीच्या केकला नुसतंच 'केक' म्हणतात, किंवा 'केक ओ फ्रुई कोंफी'. आपल्या प्लम केकमध्येही प्लम कुठे असतो? जुन्या इंग्रजीत 'प्लम' हा शब्द मनुका-बेदाण्यांसाठीही वापरत. तो अर्थ मागे पडला, केकचं नाव तेवढं उरलं.

मिलानमध्ये डिसेंबरात पानेत्तोनेचे डोंगर लागतात. तो जरूर खावा, पण तो यीस्टने फुगवलेला हलका पाव आहे. जर्मन श्टोलेनही त्याच घराण्यातला, फक्त जड आणि भरपूर लोण्याचा. आपल्याला हवा तो दाट, ओलसर केक मिलानमध्ये शोधायचा तर श्रीलंकन किराणा दुकानांत विचारा. त्या शहरात श्रीलंकेचे लोक बरेच आहेत आणि त्यांच्या नाताळच्या केकमध्ये मैद्याऐवजी रवा, भरपूर काजू, मुरंबे आणि गुलाबपाणी असतं. चव आपल्या बेकरीसारखी नाही, पण पोत आवडेल.

मुलगी लीड्सला आहे. तिथे फ्रूटकेकचे दहा प्रकार दिसतात म्हणते. पाकिटावर काय पाहायचं? आम्ही शाकाहारी आहोत, अंडं चालतं. – इंदिरानगर

ब्रिटनमध्ये केक मिळण्याची अडचण नाही, निवडण्याची आहे. समोरचं चित्र पाहू नका, पाकीट उलटं करा. घटकांची यादी वजनाच्या उतरत्या क्रमाने असते. सुलताना, रेझिन, करंट यांची नावं सर्वांत आधी आली पाहिजेत आणि पुढे टक्केवारी छापलेली असते. सुकामेवा मिळून ४० टक्क्यांच्या आसपास किंवा वर असेल तर केक घ्यावा. मैदा किंवा साखर पहिली असेल तर तो चहाबरोबरचा साधा केक, वर 'रिच' असं कितीही मोठं लिहिलेलं असो. नंतर स्निग्ध पदार्थ कोणता ते पाहा. लोणी असेल तर केक तीन-चार आठवड्यांत चढत जातो. नुसत्या पाम तेलाचा पहिल्या दिवशी जसा, तसाच शेवटपर्यंत.

गडद रंगावर जाऊ नका. तो मेव्यातून कमी आणि काकवीसारख्या ट्रीकलमधून किंवा जळक्या साखरेतून जास्त येतो.

'ख्रिसमस केक' म्हणून जो मिळतो त्याच्यावर बदामाच्या लगद्याचा थर आणि वर पांढऱ्या साखरेचं कवच असतं. आपल्या जिभेला ते अति गोड लागतं. तिला 'आयसिंग नसलेला रिच फ्रूट केक' किंवा 'डंडी केक' शोधायला सांगा. डंडी हा स्कॉटलंडचा, वर अख्खे सोललेले बदाम गोलाकार लावलेले. मसाला आणि मद्य कमी, संत्र्याच्या सालीचा वास जास्त. 'जेनोआ' नावाचा केक त्याहून हलका, चेरी जास्त.

शाकाहाराबद्दल दोन गोष्टी. चेरीच्या रंगात 'ई१२०' दिसला तर तो किड्यांपासून काढलेला रंग आहे. आणि केकच्या शेजारच्याच फळीवर ठेवलेलं ख्रिसमस पुडिंग व मिन्स पाय यांत पारंपरिक कृतीप्रमाणे गाईची चरबी, म्हणजे स्यूएट असते. 'व्हेजिटेरियन' लिहिलेलं नसेल तर उचलू नये. नाताळ उरकला की हेच केक अर्ध्या किमतीला निघतात आणि तारीख अजून लांबची असते. जानेवारीत घेतलेला केक शिळा नसतो, उलट मुरलेला असतो.

अमेरिकेत फ्रूटकेकची चेष्टा करतात म्हणे. खरंच वाईट असतो का? – गंगापूर रोड

स्वस्तातला वाईटच असतो: हिरव्या-लाल रंगाचे साखरेत घोळलेले फळांचे तुकडे, त्यांना जेमतेम धरून ठेवणारं पीठ, मसाल्याचा पत्ता नाही. आपल्याकडची स्वस्त टूटीफ्रूटी, म्हणजे रंगवलेली कच्ची पपई, नुसती बचकभर खाल्ली तर जसं लागेल तसं. पण चांगलेही आहेत. टेक्सासमधल्या कोर्सिकाना गावची कॉलिन स्ट्रीट बेकरी १८९६ पासूनची आहे. तिच्या केकमध्ये पीकन नावाचा अक्रोडासारखा मेवा भरपूर असतो आणि केक टपालाने घरी येतो. केंटकीमधल्या गेथसेमनी मठाचे साधू बर्बन व्हिस्की घातलेला केक विकतात.

तरीही ज्यांना आपल्या बेकरीचा काळपट, रमचा वास येणारा केकच हवा आहे, त्यांना आम्ही एकच नाव सांगू: 'ब्लॅक केक'. त्रिनिदाद, जमैका, गयाना इथल्या लोकांच्या बेकऱ्यांत तो मिळतो. न्यू यॉर्कमध्ये ब्रुकलिन, कॅनडात टोरांटो, लंडनमध्ये ब्रिक्स्टन इथे ही वस्ती मोठी आहे. मेवा रम आणि चेरी ब्रँडीत महिनोनमहिने मुरवून वाटून घेतात, त्यामुळे केक जवळजवळ पुडिंगसारखा मऊ होतो. रंग जळक्या साखरेचा. दुसरी जागा म्हणजे केरळी किराणा दुकान, तेही डिसेंबरच्या पहिल्या पंधरवड्यात. नंतर जाऊन उपयोग नाही.

जावई कुवेतला असतात. इथून केक नेला तर विमानतळावर अडवतील का? – नाशिकरोड

रम घातलेला नेऊ नका. कुवेत आणि सौदी अरेबियात मद्याला बंदी आहे आणि 'भाजताना उडून जातं' हा युक्तिवाद तिथल्या कस्टमपुढे करू नये. (तो पूर्ण खराही नाही, भाजल्यावर काही अंश उरतो, आणि वरून पाजलेली रम तर सगळीच आत असते.) आखातात जाणाऱ्या कुठल्याही खाऊवर खसखसही नको, अमिरातीत आणि सौदीत ती निषिद्ध आहे.

ब्रिटनला ताजी क्रीम नसलेला केक नेता येतो. ऑस्ट्रेलियात उतरताना फॉर्मवर खाद्यपदार्थ आहे असं लिहायलाच हवं. लिहिलं तर सहसा पाहून सोडतात, लपवलं तर दंड. केक सामानाच्या बॅगेतच ठेवा. फ्रूटकेकचा दाट ठोकळा एक्स-रेवर संशयास्पद दिसतो आणि हातातली बॅग उघडायला लावतात. गोल केकपेक्षा पावाच्या टिनमध्ये भाजलेला लांबट केक कपड्यांत नीट बसतो.

मुलगी परदेशातच घरी केक करून पाहणार आहे. बेदाणे कोणते घ्यायचे आणि प्रमाण काय? मागच्या वेळी सगळा मेवा तळाशी बसला. – पंचवटी

आधी नावं. आपण मोठ्या, बी असलेल्या काळ्यांना मनुका म्हणतो आणि बिनबियांच्या लहानांना बेदाणे. ब्रिटनमध्ये 'सुलताना' म्हणजे आपले बेदाणे, 'रेझिन' त्याहून गडद, आणि 'करंट' म्हणजे बारीक काळी आंबटसर द्राक्षंच, सुकवलेली. अमेरिकेत नुसतं 'रेझिन' म्हटलं की तपकिरी बेदाणे येतात आणि 'गोल्डन रेझिन' गंधकाची धुरी दिलेले पिवळे. तीन भाग तपकिरी, दोन भाग करंट, एक भाग पिवळे, असं मिश्रण ठेवा. तुम्ही इथून पिंपळगावचे बेदाणे देणार असाल तर मुलीला ते कोमट पाण्यात दोनदा धुवून कपड्यावर रात्रभर पसरायला सांगा. द्राक्षं लवकर सुकावीत म्हणून ती पोटॅशियम कार्बोनेट आणि डिपिंग ऑइलच्या पाण्यात बुडवून काढतात. तो थर राहिला तर रम आत शिरायला वेळ लागतो.

१५ सेंटिमीटरच्या खोल गोल टिनसाठी: मिश्र मेवा ४५० ग्रॅम, रम ७५ मिलिलिटर, लोणी ११५ ग्रॅम, गडद ब्राऊन शुगर ११५ ग्रॅम, मैदा १२५ ग्रॅम, अंडी २, बदामाचे काप ५० ग्रॅम, एका संत्र्याची किसलेली साल, दालचिनी-जायफळ-लवंग मिळून एक चहाचा चमचा, चिमूटभर मीठ. वेलची नको, केकला शिऱ्याचा वास येतो. बेकिंग पावडरही नको.

मेवा रममध्ये किमान तीन दिवस, जमल्यास महिनाभर, घट्ट झाकणाच्या काचेच्या बरणीत. रंग हवा असेल तर ५० ग्रॅम साखर कोरड्या भांड्यात कॉफीइतकी काळी होईपर्यंत वितळवायची, गॅस बंद करून हात लांब ठेवून ४० मिलिलिटर गरम पाणी ओतायचं (जोरात उडतं), आणि त्यातला गार झालेला एक मोठा चमचा केकमध्ये.

लोणी-साखर फेसा, अंडी फेटून चमच्याचमच्याने घाला. इथे मिश्रण फाटतं ते अंडी गार असल्यामुळे. निफाडला पारा उतरतो त्या दिवसांत आपल्याकडेही हेच होतं, मग लीड्ससारख्या थंड गावातल्या स्वयंपाकघराचं काय सांगावं. अंडी सालीसकट पाच मिनिटं कोमट पाण्यात ठेवली की झालं. तरी फाटलंच तर मोजलेल्या मैद्यातला एक चमचा आत टाका, मिळून येतं.

मेवा तळाशी बसण्याची कारणं तीन: पीठ पातळ, मेवा निथळलेला नाही, किंवा बेकिंग पावडर. मैद्यात घोळवण्याचा उपाय सगळे सांगतात, त्याने थोडाच फरक पडतो. पीठ चमच्यावरून सहज ओघळता कामा नये, झटका दिल्यावर पडलं पाहिजे. मैद्याच्या तिप्पट-चौपट मेवा असेल तर तो एकमेकांच्या आधारानेच वर राहतो. बुडतो तो कंजूसपणाने घातलेला.

टिनला आतून बटर पेपरचे दोन थर, बाहेरून खाकी कागदाची पट्टी सुतळीने बांधलेली. १४० अंश सेल्सिअसला, पंखा असलेल्या ओव्हनमध्ये १२५ ला, सव्वादोन ते पावणेतीन तास. इथे ओटीजी असेल तर दोन्ही सळ्या लावा पण पहिल्या तासानंतर वरून खाकी कागद झाका, नाहीतर वर आलेले बेदाणे कोळसा होतात आणि कडू लागतात. मधोमध फुगून तडा गेला म्हणजे आच जास्त. झालाय का हे ओळखायला सुई कोरडी निघाली पाहिजे, शिवाय कान जवळ नेऊन ऐका: आत बारीक चरचर चालू असेल तर अजून दहा-पंधरा मिनिटं. टिनमध्येच पूर्ण गार करा आणि तीन दिवस कापू नका. लवकर कापल्यावर भुगा झाला, अशा तक्रारींत बहुधा केकची चूक नसते.

रमऐवजी आपली नाशिकची रेड वाइन वापरली तर? – सातपूर

चव छान येते, टिकाऊपणा नाही. आपल्याकडच्या रममध्ये ४२.८ टक्के मद्यार्क असतो, वाइनमध्ये साधारण १२ ते १४. महिनाभर बाहेर ठेवलेला वाइनमधला मेवा आंबतो. एक रात्र फ्रिजमध्ये भिजवा, केक आठवड्यात संपवा. काळ्या द्राक्षांचा किंवा संत्र्याचा रस वापरणाऱ्यांनाही हेच लागू.

अंड्याशिवाय? – मखमलाबाद

कंडेन्स्ड मिल्क २०० ग्रॅम, वितळलेलं लोणी १०० ग्रॅम, मैदा १५० ग्रॅम, बेकिंग पावडर एक चमचा, सोडा अर्धा चमचा, संत्र्याचा रस १०० मिलिलिटर, मेवा २०० ग्रॅम. १७० अंशांना ५० ते ६० मिनिटं. इथे पीठ हलकं असल्याने मेवा बारीक चिरूनच घाला. हा केक मुरवायचा नाही. चार दिवसांत खायचा.

मागच्या वर्षी पाठवलेल्या केकच्या फॉइलला बारीक भोकं पडली होती आणि खाली करडे डाग. बुरशी होती का? – देवळाली कॅम्प

बुरशी लोकरीसारखी उठते आणि कुबट वास येतो. तसं असेल तर पूर्ण केक टाकावा, वरचा भाग कापून उपयोग नाही. पण भोकं पडली म्हणता, तर ते फॉइल थेट केकला लागल्याने झालं असावं. मेव्यातल्या आंबटपणाने ॲल्युमिनियम झिजतं. आधी बटर पेपरचे दोन थर, त्यावर फॉइल, मग डबा. रम पाजायची तर टूथपिकने भोकं पाडून आठवड्याला एक मोठा चमचा, एकदा वरून, पुढच्या वेळी उलटा करून खालून. पाठवण्याच्या आधीचा आठवडा पाजू नका, कागद ओला राहतो.