हीट पंप थंडीत बंद करून झाकून ठेवायचा का?

तुमचा प्रश्न असा की, लोणावळ्याच्या बंगल्यातल्या स्विमिंग पूलला पाणी तापवायचा हीट पंप बसवलाय आणि व्हिडिओत सांगतात तसं हिवाळ्यात त्यातलं पाणी काढून तो गुंडाळून ठेवायचा का.

अजिबात नको. ते व्हिडिओ बर्फ पडणाऱ्या मुलखातले आहेत. तिथे आत राहिलेलं पाणी गोठून पाइप फुटतात. आपल्याकडे नोव्हेंबर ते फेब्रुवारी हाच तर या मशीनचा कमाईचा हंगाम, त्याची सुट्टी पावसाळ्यात. मी लोणावळ्यातच तुंगार्लीत चार बंगल्यांचे पूल सांभाळतो, त्यावरून सांगतो.

आधी थंडीचं. हे मशीन म्हणजे उलटा एसी. बाहेरच्या हवेतली उष्णता ओढून पाण्यात सोडतो, त्यामुळे हवा जितकी गार तितकं त्याला जड जातं. बरेच जण पाहुणे यायच्या आदल्या रात्री चालू करतात आणि सकाळी पाणी गारच म्हणून मेकॅनिकला फोन लावतात. हिशेब करून बघा: ८ बाय ४ मीटरचा, सरासरी १.४ मीटर खोल पूल म्हणजे साधारण ४५ हजार लिटर. एवढं पाणी एक अंशाने तापवायला सुमारे ५२ युनिट (किलोवॅट-तास) उष्णता लागते. २० वरून २९ वर न्यायचं तर ४७० युनिट. १५ किलोवॅट उष्णता देणाऱ्या मशीनला सलग तीस-एकतीस तास हवेत. म्हणून शनिवारी पाहुणे असतील तर मी मंगळवारपासून, सकाळी दहा ते संध्याकाळी सहा असं उन्हात चालवतो. तेवढंच काम कमी विजेत होतं. आणि रात्री पूलवर कव्हर घालाच. पूलची बहुतेक उष्णता वाफेवाटे वरूनच जाते, कव्हर नसेल तर दिवसभराची कमाई रात्रीत उडते.

मशीनखाली पाण्याचं डबकं दिसलं तर घाबरू नका. गार कॉइलवर हवेतला ओलावा जमतो, तो गळतो. खात्री हवी असेल तर हीटिंग बंद करून नुसता पाण्याचा पंप चालू ठेवा. तास-दोन तासांत गळणं थांबलं तर दव, नाही थांबलं तर गळती. फ्लोचा एरर (मशीनमधून पाणी कमी वाहतंय अशी खूण) आला तर मशीन उघडण्याआधी सँड फिल्टर बॅकवॉश करा, म्हणजे पाणी उलटं सोडून त्यातली वाळू धुवा, निम्म्या वेळा तेवढ्यानेच भागतं. पीएच ७.२ ते ७.६ ठेवा, आणि क्लोरीनच्या गोळ्या स्किमरमध्ये (पूलच्या काठावरच्या, वरचं पाणी ओढणाऱ्या खिडकीत) टाकू नका. तिथून कडक क्लोरीनचं पाणी थेट मशीनमध्ये जातं. डोसर (क्लोरीन आपोआप सोडणारं यंत्र) असेल तर तो हीट पंपाच्या पुढे, म्हणजे पाणी मशीनमधून बाहेर पडल्यावर.

उन्हाळ्यात गरज फारशी पडत नाही, पण एप्रिल-मेमध्ये आसपास सावरीचं झाड असेल तर तिचा कापूस मशीनच्या मागच्या जाळीवर गोधडीसारखा चिकटतो. मशीनचा एमसीबी (विजेचा स्विच) पाडून, मऊ ब्रशने आणि साध्या नळीच्या हलक्या धारेने काढा. प्रेशर वॉशर नको, फिन्स (कॉइलवरच्या पातळ पत्र्याच्या पट्ट्या) कागदासारख्या दुमडतात. (अलिबाग किंवा गोव्यात पूल असेल तर खाऱ्या हवेमुळे ही धुलाई दर महिन्याला.)

आता पावसाळा. पहिल्याच वर्षी मी शहाणपणा केला. जूनमध्ये मशीनला ताडपत्री गुंडाळून सुतळीने घट्ट आवळलं. ऑक्टोबरात उघडलं तर आत उंदराचं घरटं, दोन वायरी कुरतडलेल्या, स्क्रू गंजलेले आणि कुबट वास. मशीन मुळात उघड्यावर ठेवायलाच बनवलेलं असतं, सरळ पावसाने त्याला काही होत नाही. कोंडलेल्या ओलाव्याने होतं. आता मी डोक्यावर फक्त पत्रा ठेवतो, बाजू मोकळ्या. पागोळीची धार मात्र त्यावर पडू देऊ नका, आणि पाया जमिनीपासून वीतभर उंच हवा. बंगल्याची शोभा जाते म्हणून काही जण त्याला खोलीत कोंडतात. तिथे ते स्वतःच सोडलेली गार हवा परत ओढत बसतं.

ऑक्टोबरात पहिल्यांदा चालू करण्याआधी वीज बंद करून इलेक्ट्रिशियनकडून कंट्रोल बॉक्स उघडून घ्या. मुंग्या काँटॅक्टरमध्ये (कॉम्प्रेसरला वीज जोडणाऱ्या स्विचमध्ये) शिरून चिरडतात आणि पॉइंट नीट टेकत नाहीत. मागच्या वर्षी नाताळच्या आठवड्यात एक मशीन असंच बसलं होतं. कॉम्प्रेसर गेला असं समजून मालक नव्याचे भाव विचारत होते. निघाल्या चिमूटभर मुंग्या.