दार कुठे गेलं?

प्रिय चिऊ,

काल व्हिडिओ कॉलवर आजोबांनी तुझा दिवाळीचा किल्ला पाहिला आणि पहिल्यांदा चूकच काढली. "दार असं समोर काय ठेवलंस गं? लपव ते." तू हिरमुसलीस. नंतर मला विचारलंस, "लपवायचंच असेल तर दार करायचंच कशाला?" माझे दोन्ही हात चकलीच्या सोऱ्यात अडकले होते, म्हणून उद्या सांगते म्हणाले. आता ट्रेनमध्ये बसून लिहितेय. जोडाक्षरं अडली तर मोठ्याने वाच, जमतात.

तुझं ते दार कुठून आलं ते मला ठाऊक आहे. शाळेच्या सहलीत पाहिलेल्या, इथल्या नेदरलँड्समधल्या मौडरस्लॉट किल्ल्याचं आहे ते. चौकोनी, विटांचा किल्ला, कोपऱ्यांवर गोल बुरूज, भोवती खंदक आणि पूल ओलांडला की समोर दरवाजा. फ्लोरिस नावाच्या सरदाराने १२८५च्या सुमारास तो बांधला, तेव्हा त्याच्यापाशी डोंगर नव्हता. पाणी मात्र हवं तेवढं होतं. मग त्याने पाण्यालाच पहाऱ्यावर बसवलं. पूल उचलला की काम झालं, दार लपवायची गरजच काय?

आपल्याकडे डोंगरच पहारा देतो. रायगड समुद्रसपाटीपासून साधारण ८२० मीटर उंच आहे. या देशातली आपण चढलेली सगळ्यात उंच टेकडी, वाल्सरबर्ग, ३२२ मीटरची, म्हणजे तशा अडीच टेकड्या एकावर एक ठेव. शिवाय बाजू उतरत्या नाहीत, सरळ तुटलेले कडे आहेत. महाराजांनी १६५६मध्ये जावळीच्या मोऱ्यांकडून हा डोंगर घेतला तेव्हा त्याचं नाव रायरी होतं. पुढे राजगडाहून राजधानी इथे आणली. कडा असेल तिथे तट बांधावाच लागत नाही. जिथून माणूस चढू शकेल तेवढ्याच जागा बंद करायच्या. आणि चढायची वाट एकच ठेवली, की सगळी अक्कल त्या वाटेवरच्या दारात घालायची.

ते दार तू पाहिलेलंच नाहीस, हे मला काल रात्री आठवलं. मागच्या डिसेंबरात आजोबांच्या गुडघ्यांमुळे आपण रोपवेने गेलो आणि काही मिनिटांत थेट वर उतरलो. महादरवाजा पायऱ्यांच्या वाटेवर राहिला. माझी चूक. मी कॉलेजात असताना चालत गेले होते, तेव्हाचं सांगते. हजाराहून जास्त पायऱ्या. धापा टाकत वर बघितलं तर समोर दोन अवाढव्य बुरूज, एक पंचाहत्तर फूट उंच, दुसरा पासष्ट. दार कुठेच नाही! पायऱ्या बुरुजाच्या कुशीत वळल्या, आम्ही वळलो, आणि एकदम ते पुढ्यात.

या बांधणीला गोमुखी म्हणतात. आता तू शत्रू आहेस असं समज. खालून दार दिसत नाही, म्हणजे तोफेचा नेम कशावर धरशील? लाकडी दारं फोडायला हत्तीला धडक मारायला लावायचे, पण हत्तीला पळत यायला जागा लागते आणि इथे तर वळणावर पायऱ्या. तू वळलीस की दोन्ही बुरूज तुझ्या डोक्यावर. भिंतीत तिरपी भोकं असतात, त्यांना जंग्या म्हणतात. आतला माणूस त्यांतून तुझ्यावर बंदूक चालवू शकतो, तुला मात्र तो दिसत नाही. तुझ्या किल्ल्यात मी पेन्सिलीने भोकं पाडली होती ना, ज्यांत तू मुंग्या राहतात म्हणालीस, त्या जंग्याच.

वर गेल्यावर तू विचारलंस, "राजवाडा कुठाय?" आणि दगडी जोती बघून तुझा चेहरा पडला. ६ जून १६७४ला तिथे राज्याभिषेक झाला, तेव्हा इंग्रजांचा वकील हेन्री ऑक्झिंडेन हजर होता. वाड्याच्या दाराशी दोन छोटे हत्ती उभे बघून तो चक्रावला. एवढ्या बिकट वाटेने हे वर आणले कसे, असं त्याने लिहून ठेवलंय. (हा प्रश्न तूही विचारला होतास. पिल्लं असतानाच आणले असतील, हे आजोबांचं उत्तर.) मग मे १८१८मध्ये इंग्रज परत आले, या वेळी तोफा घेऊन. त्यांनी समोरच्या डोंगरावरून गोळे टाकले. गोळ्याला दार लागत नाही. आग लागली, लाकडाचं होतं ते सगळं जळालं आणि दगड उरले.

दगडांत उरलं तेही कमी नाही. नगारखान्यापाशी आजोबा कागद फाडत उभे होते, तू सिंहासनाच्या जागेजवळ होतीस आणि तुला टर्रकन आवाज आला, आठवतं? मधलं अंतर दोनशे फुटांच्या वर आहे. माइक नाही, स्पीकर नाही.

आणि जगदीश्वराच्या देवळाची ती पायरी. तू तिच्यावरून उडी मारून गेलीस, आजोबा मात्र वाकून तिला हात लावून आले, आणि तू मला खुणेने विचारलंस की काय झालं. तिच्यावर कोरलंय, "सेवेचे ठायी तत्पर हिरोजी इंदुलकर". रायगड बांधला तो हा माणूस. देवळाच्या भिंतीवर एक संस्कृत शिलालेखही आहे. त्यात विहिरी, तळी, बागा, वाडे असं सगळं लिहिलंय, आणि चंद्र-सूर्य असेपर्यंत हे नांदो असं म्हटलंय. भिंतीवर एवढं मोठं काव्य, आणि पायरीवर मराठीत फक्त पाच शब्द, जाणाऱ्या-येणाऱ्याचे पाय लागतील तिथे. आजोबा अख्ख्या गडावर दोनदाच वाकले, एकदा महाराजांच्या समाधीपाशी आणि एकदा तिथे.

तर दार मोडू नकोस. त्याच्यापुढे एक बुरूज कर, दुसरा थोडा मागे, आणि पायऱ्या मधून वळव. मातीची अर्धी पिशवी बाल्कनीत उरली आहे. अळीव पेरायला उशीर झालाय, पण इथे सुपरमार्केटमध्ये ते डबीत उगवलेलेच मिळतात, येताना दोन डब्या आणते. चोरटी शेती आहे, आजोबांना सांगू नकोस. आणि तो प्लास्टिकचा डायनासोर तटावरून काढ. निदान कॉलच्या वेळेपुरता तरी.

तुझी,
आई