वाचकांचे प्रश्न : ठरवलं कुणी, मी की मेंदूनं?

प्रश्न : सासूबाईंना अर्धांगवायू झाला म्हणून मी २२ वर्षांची नोकरी सोडली. त्याआधी तीन महिने वहीत दोन रकाने पाडून पगार, घराचे हप्ते, सांभाळायला येणाऱ्या बाईंचे पैसे, सगळं मांडत होते. नाशिकची नणंद येऊ शकली असती, तर सोडली नसती. आता इंजिनिअरिंगला असलेला मुलगा म्हणतो, ‘आई, ठरवलं तुझ्या मेंदूनं, तुला नंतर कळलं. प्रयोगात सिद्ध झालंय.’ मग ती वही कशासाठी भरली मी?
– एक वाचक, सिंहगड रस्ता

उत्तर : ताई, तुमचं पत्र दोनदा वाचलं. मुलगा बहुधा मेंदूचे अभ्यासक बेंजामिन लिबेट यांच्या १९८३ च्या प्रयोगाबद्दल बोलतोय. लोकांना सांगितलं होतं, वाटेल तेव्हा मनगट हलवा. मेंदूतली विद्युत हालचाल मनगट हलायच्या सुमारे ५५० मिलिसेकंद आधी सुरू झालेली दिसली, आणि हलवावंसं वाटल्याची जाणीव सुमारे २०० मिलिसेकंद आधी; म्हणजे मेंदू आधी, जाणीव नंतर. पण मनगट आत्ता हलवलं काय नि दोन सेकंदांनी हलवलं काय, काय फरक पडतो? तिथे तोलायला काही नव्हतंच. शिवाय २०१२ मध्ये मेंदूचेच अभ्यासक आरोन शर्गर आणि सहकाऱ्यांनी दाखवलं, की ती विद्युत हालचाल म्हणजे आधीच झालेला निर्णय असं मानायची गरज नाही; मेंदूत सतत चालणाऱ्या चढउतारांतूनही ती तशी दिसू शकते.

विचार मेंदूतच होतो, हे मलाही मान्य. मी रोज नळ स्टॉपच्या सिग्नलला स्कूटर थांबवते. हात ब्रेकवर आपोआप जातो. परवा मागून रुग्णवाहिकेचा भोंगा ऐकू आला आणि लाल दिवा असूनही मी पुढे सरकून डावीकडे वाट दिली. कारण बदललं, तशी कृती बदलली. स्वातंत्र्य मी यालाच म्हणते. माझ्या कृतीला कारणच नसावं, असा हट्ट मी का धरू? विनाकारण झटका आला तर त्याला कुणी माझा निर्णय म्हणणार नाही.

गीतेत अठराव्या अध्यायात सगळं सांगून झाल्यावर कृष्ण म्हणतो, ‘विमृश्यैतदशेषेण यथेच्छसि तथा कुरु.’ आधी पुरता विचार, मग इच्छा. तीस वर्षं तर्कशास्त्र शिकवताना हा क्रम मी मुलांना फळ्यावर लिहून दाखवला.

नणंद आली असती तर नोकरी सोडली नसती, हे तुम्हीच लिहिलंय. मुलाला ती वही द्या आणि नणंदेच्या नावावर जिथे काट मारलीत, ते पान उघडून विचारा, ही काट मारली नसती तर मी आज कुठे असते?