लग्न साताऱ्यात, मुक्काम एका रात्रीचा

प्रश्न : मे महिन्यात मैत्रिणीचं लग्न साताऱ्यात आहे. शनिवारी संध्याकाळी हळद, रविवारी दुपारी १२.३५चा मुहूर्त. पुण्याहून आम्ही सहाजणी जाणार. कास पाहून होईल का?

उत्तर : मेमध्ये कास नको. तिथली फुलं ऑगस्टअखेर ते ऑक्टोबरच्या सुरुवातीपर्यंत. उन्हाळ्यात पठार कोरडं पडतं. त्याऐवजी रविवारी पहाटे साडेपाचला सज्जनगडाकडे निघा. शहरापासून साधारण १५ किलोमीटर, वाहनतळापासून पुढे पायऱ्या. समर्थांच्या समाधीचं दर्शन घेऊन नऊच्या आत खोलीवर परता. उशीर झाला तर मंगलाष्टकं हुकतील. एका आरशापुढे सहाजणींच्या साड्या-केसांना दीड तास सहज जातो.

शनिवारी पुण्यातून दुपारी एकलाच निघा. अंतर ११० किलोमीटरच, पण शनिवार-रविवारी खंबाटकी घाटात गाड्या रखडतात. रेल्वे स्टेशन शहराबाहेर माहुलीला आहे, म्हणून स्वारगेटहून एसटीच बरी. हळदीला जुने सुती कपडे घाला, रेशमावरचा डाग निघत नाही. लग्नतिथीला लॉज भरतात, खोल्या आजच ठरवा. कंदी पेढे मात्र निघतानाच घ्या. खव्याचे असल्यामुळे बंद गाडीच्या उकाड्यात खराब होतात.