लहान मुलीच्या विणलेल्या फ्रॉकचा नमुना मोठा करून मोठ्या बाईचा उन्हाळी ड्रेस होईल का?

पुतणीच्या लोकरी फ्रॉकचे टाके दुप्पट करून, सुती दोऱ्यात, स्वतःसाठी गुडघ्यापर्यंतचा ड्रेस विणायचा असं तुम्ही विचारलंय. विणून होईल, पण घालायला लागलात की तो गुडघ्यावरून पोटरीवर उतरेल. तो नमुना बाजूला ठेवा आणि विचार वजनापासून सुरू करा.

लांबी-रुंदी दोन्ही दुप्पट केली की कापड चौपट होतं, म्हणजे वजनही चौपट. ते पेलणारे खांदे मात्र दुप्पटच. खांद्याच्या प्रत्येक सेंटिमीटरवर दुप्पट ओढ येते, आणि ओढली जाणारी लांबीही दुप्पट असते. लोकर ताणली तरी बरीचशी जागेवर येते. सुताला ती लवचिकता नाही. शिवाय बाळाचं डोकं अंगाच्या मानाने मोठं, म्हणून फ्रॉकचा गळा रुंद ठेवलेला असतो. तोच वाढवला तर खांद्यावर ठरत नाही.

मी कोल्हापुरात राहते. इथे दुकानात विणायचा दोरा मागितला की बहुतेक वेळा ॲक्रिलिक पुढे येतं. ते घाम टिपत नाही, एप्रिल-मेमध्ये अंगाला नको होतं. सूतच घ्या. इचलकरंजी जवळ आहे, तिथे यंत्रमागाचं सूत कोनवर (शंकूच्या आकाराच्या रिळावर) मिळतं. मला त्यातलं दोन पदरी, २/२० काउंटचं (काउंट म्हणजे सुताच्या बारीकपणाचा आकडा) आवडतं. त्याचे चार धागे एकत्र धरले की एका ग्रॅमला साधारण सव्वाचार मीटर पडतात, म्हणजे नेहमीच्या बारीक लोकरीइतकी जाडी येते. एकपदरी सूत स्वस्त दिसलं तरी नको. त्याचा पीळ मोकळा होऊ पाहतो आणि साधं सुलट विणकाम तिरकं फिरतं, बाजूची रेघ पोटावर येते.

आता माप घेण्यासाठी चाचणीचा तुकडा. यात कंजुषी करू नका, २० बाय २० सेंटिमीटरचा विणा. सुई सव्वातीन मिलिमीटरची, म्हणजे जुन्या हिशोबाने १० नंबरची (आपल्याकडच्या जुन्या नंबरांत आकडा वाढेल तशी सुई बारीक होते, हे ध्यानात ठेवा). तुकडा धुवा, वाळवा, स्वयंपाकघरातल्या डिजिटल काट्यावर तोला. समजा १२ ग्रॅम भरला. तुमच्या ड्रेसचं कापड १०,००० चौरस सेंटिमीटर धरलं तर वजन ३०० ग्रॅम. ड्रेसचा छातीजवळचा घेर साधारण १०० सेंटिमीटर, म्हणजे घेराच्या प्रत्येक सेंटिमीटरवर ३ ग्रॅमची ओढ. तेव्हा २० सेंटिमीटर रुंद तुकड्याच्या खालच्या कडेला ६० ग्रॅम वजन सगळीकडे सारखं चिमट्यांनी लावा आणि रात्रभर टांगून ठेवा. सकाळी वजन न काढता मोजा. २० चे साडेएकवीस झाले असतील, तर वरच्या भागाच्या ओळी त्याच मापाने मोजायच्या. खाली जाताना ओढ कमी होत जाते, खालच्या कडेशी जवळपास शून्य.

रचना याच हिशोबातून ठरते. कमरेपर्यंत साधं, घट्ट विणकाम. जाळीची नक्षी कमरेखाली. जाळीने वजन घटतं, वारा लागतो, पण ती ताणतेही पटकन, म्हणून ओढ कमी असेल तिथेच शोभते. आत मलमलची स्लिप घाला. छाती ९२ सेंटिमीटर असेल तर ड्रेस ९८ चा ठेवा. १० सेंटिमीटरला २८ टाके येत असतील तर २७४ टाके. छाती भरलेली असेल तर पुढच्या बाजूला मध्येच वळून थोड्या अर्ध्या ओळी घाला, नाहीतर ड्रेस पुढून वर उचलला जातो.

खांदे सुईवरच जोडू नका. पुढच्या-मागच्या खांद्यांच्या कडा शिवून जोडा. ती शिवणच सगळा भार धरते. मागच्या गळ्याला आतून क्रोशाच्या साखळीची एक घट्ट ओळ फिरवा.

वरून खाली, गोल सुईवर विणा, म्हणजे मध्ये अंगात घालून बघता येतं. शेवटचे टाके लगेच बंद न करता जाड दोऱ्यात ओवा, ड्रेस एक रात्र हँगरला लावा, मग अंगात घालून आरशासमोर लांबी ठरवा. पुढे मात्र धुतल्यावर कधीही टांगायचा नाही, चटईवर पसरून वाळवायचा. आपल्याकडच्या पावसाळ्यात एवढं जाड सूत दोन-दोन दिवस ओलं राहतं आणि कुबट वास धरतं, म्हणून जूनपूर्वीच धुऊन घडी घालून ठेवा. सूत ३५० ग्रॅम एकदमच घ्या, एकाच लॉटचं. नंतर आणलेल्या कोनचा पांढरासुद्धा वेगळा दिसतो.