स्किट पडलं ते स्क्रिप्टमुळे नव्हे

सलाम. तुमची पोस्ट वाचली आणि दुखणं लगेच ओळखीचं वाटलं. चर्चचं युवक शिबिर, शेवटची रात्र, शेकोटी, पंधरा मिनिटांचं विनोदी स्किट. पुढच्या सतरंजीवरची पोरं खिदळत होती आणि मागच्या खुर्च्या ढिम्म. आता तुम्ही विचारताय की या वर्षी याहून चांगली स्क्रिप्ट कुठे मिळेल.

स्क्रिप्ट बदलून फार काही होणार नाही, असं माझं मत आहे. तुमच्याच पोस्टमध्ये मधेच एक वाक्य आहे, "मागे बसलेले एकमेकांना काय म्हणाला, काय म्हणाला असं विचारत होते." झालं, रोग तोच. न ऐकू आलेल्या विनोदाला कोण हसणार? पात्रवाटप, पाठांतर, तालमीच्या वेळा हे तुम्हाला येतच असणार, त्यात शिरत नाही.

आम्हाला सगळ्यात महागात पडलेली चूक हीच: प्रहसन माइकच्या भरवशावर लिहिणं. मंडपवाला दोन कॉर्डलेस देतो आणि स्टेजवर पात्रं असतात पाच. ज्याच्या हातात माइक त्याचा एक हात गेला, म्हणजे निम्मा अभिनय गेला. तो माइक पुढच्याकडे पोचेपर्यंत पुढच्याने वाक्य सुरू केलेलं असतं. त्याचे पहिले दोन शब्द हवेत विरतात आणि नेमकी विनोदाची तयारी त्याच दोन शब्दांत असते. कॉलर माइक घ्यावेत तर ओढणी, उपरणं, खोटी दाढी त्यावर घासून खरखर होते. दोन पात्रं जवळ आली की एकाचा आवाज दोघांच्या माइकमध्ये शिरतो आणि पिंपात बोलल्यासारखं ऐकू येतं. वेगवेगळ्या ठिकाणांहून मागून आणलेले सेट असतील तर दोन माइक एकाच फ्रिक्वेन्सीवर भांडतात ते वेगळंच. पुढे स्टँडचा एकच माइक ठेवला तर सगळी पात्रं रेशनच्या रांगेसारखी त्याच्यापाशी येऊन उभी राहतात. आणि स्पीकर पात्रांच्या पाठीमागे असतील तर शिट्टी वाजणारच. स्पीकर नेहमी माइकच्या पुढे, तोंड लोकांकडे. एवढी साधी गोष्ट दर वर्षी कोणीतरी विसरतं.

बरं, हे सगळं जमलं तरी रात्री दहा वाजतात. ध्वनिप्रदूषणाच्या २००० सालच्या नियमांप्रमाणे रात्री १० ते सकाळी ६ मोकळ्या जागेत लाउडस्पीकर बंद. वर्षातले जास्तीत जास्त १५ दिवस रात्री १२ पर्यंत सूट देता येते, पण ते दिवस आधी ठरलेले असतात. तुमचं मे महिन्यातलं शिबिर त्या यादीत बसण्याची आशा धरू नका. शिवाय आपली शिबिरं बहुतेक वेळा मिशनच्या शाळेत नाहीतर वसतिगृहात, शेजारी मिशनचाच दवाखाना. शाळा, रुग्णालय, न्यायालय यांच्याभोवतीचा १०० मीटरचा परिसर शांतता क्षेत्र म्हणून घोषित असू शकतो, ते आधी विचारा. तिथे दिवसाही भोंगा चालत नाही. (मी वकील नाही. तुमच्या भागात काय लागू आहे ते तिथेच तपासा.)

परवानगीच्या कागदाचं नाव काढलं की डोकं फिरतं. एका कार्यालयात हा टेबल तो टेबल करत कागद कार्यक्रमाच्या दिवशी दुपारी हातात पडला, त्यात वेळ लिहिलेली "रात्रौ १० पर्यंत". आणि आपल्या कार्यक्रमपत्रिकेत स्किट सगळ्यांत शेवटी, पाहुण्यांच्या "दोन शब्दां"नंतर. ते दोन शब्द चाळीस मिनिटं चालले तर तुमचं स्किट मुकं. चूक कार्यालयाची निम्मी, पत्रिका लिहिणाऱ्याची निम्मी. तेव्हा अर्ज निदान तीन आठवडे आधी द्या, दुसऱ्या प्रतीवर पोच घ्या, अर्जात दिवस, सुरू-बंद होण्याची वेळ आणि स्पीकरची संख्या स्वच्छ लिहा. आणि स्किट साडेआठच्या पुढे जाऊच देऊ नका. एखाद्या जोरदार गाण्यानंतर, पाळकांच्या संदेशाच्या (प्रवचनाच्या) आधी, जेवणाच्याही आधी. जेवून आलेला माणूस हसत नाही, पेंगतो.

मग उपाय काय? माइक एकच ठेवा आणि तो सूत्रधाराला द्या. सूत्रधार स्टेजच्या कडेला उभा राहून गोष्ट सांगतो, बाकीचे ती मुक्याने करून दाखवतात. मधेमधे एखाददुसरं, तीनचार शब्दांचं वाक्य ते ओरडून बोलतात, बस. यात कमीपणा काही नाही. आपल्याकडे कीर्तनकार एकटाच उभा राहून अख्खं आख्यान रंगवतो, आणि नगरकडे ख्रिस्ती कीर्तन एकोणिसाव्या शतकापासून चालत आलंय. फायदा असा की पाच नवख्यांचा आवाज घडवण्यापेक्षा एकाचा घडवणं सोपं. भोंगा बंद पडलाच तर तो मधोमध येतो आणि खड्या आवाजात पुढे चालू ठेवतो. मोकळ्यावर नवख्याचा आवाज तीस-पस्तीस फुटांपलीकडे जात नाही, हे धरूनच खुर्च्या मांडा.

दुसरा फायदा विनोदाचा. सांगणारा एक सांगतो आणि करणारा भलतंच करतो, या फटीत हशा असतो. "तो जिवाच्या आकांताने धावत आला," असं सूत्रधार म्हणतो आणि पात्र शेंगा सोलत रमतगमत येतं. सूत्रधार थांबतो, बघतो, घसा खाकरून पुन्हा म्हणतो, "धावत!" पात्र उरलेल्या शेंगा खिशात कोंबतं आणि दोन पावलं धावतं. यात ऐकू न येण्यासारखं काही नाही, शेवटच्या रांगेतल्या आजींनाही कळतं.

विषयासाठी लांब जायला नको. बायबलमधल्या लूक १४ मधली मोठ्या जेवणाची गोष्ट घ्या. तिथे जेवणाला न येण्याच्या तीन सबबी आयत्या मिळतात: एकाने शेत घेतलंय, एकाने बैलांच्या पाच जोड्या घेतल्यात, एकाचं लग्न झालंय. पहिल्या दोन सबबींनी लोकांना ठेका कळतो, तिसरीला तो मोडायचा. शेतवाला लांबलचक कारण देतो, बैलवाला त्याहून लांब. लग्नवाला तोंड उघडतो, मागे वळून बायकोकडे बघतो आणि तोंड मिटतो. एवढंच. इथे वाक्य लिहायचा मोह आवरा. माशाच्या पोटात गेलेला योना, झाडावर चढलेला जक्कय, बलामाची बोलणारी गाढवी, मध्यरात्री भाकरी मागायला आलेला मित्र, या सगळ्यांत असाच मसाला आहे. क्रूस, प्रभुभोजन आणि पवित्र आत्मा मात्र विनोदात नको. त्यावर माझ्याशी वाद घालणारे भेटतात, त्यांनी त्यांच्या मंडळीत करून बघावं.

परदेशी शिबिरांतली भाषांतरित स्किटं बहुतेक आपटतात, कारण त्यांतला विनोद त्यांच्या शाळेतला, त्यांच्या खाण्यातला. अपवाद "न दिसणारा बाक". एक जण हवेतच बसल्यासारखा बसतो. दुसरा येऊन विचारतो, "काय करतोयस?" "बाकावर बसलोय." "सरक की मग." असे चार जण बसतात. पाचवा येतो, बघतो, म्हणतो, "बाक तर मी सकाळीच झाडाखाली नेला!" चौघे धाडकन खाली. सोपं वाटतं, पण पहिल्या बसणाऱ्याच्या मांड्या मिनिटाच्या आत थरथरायला लागतात. म्हणून सगळ्यांत दणकट पोरगा पहिला, आणि चौथा बसल्यापासून पाच सेकंदांत पाचव्याची एन्ट्री. आठवडाभर भिंतीला पाठ लावून बसण्याचा सराव करून घ्या. पडायचं ते ढुंगणावर आणि कडेला, हात मागे टेकून नाही, मनगट जातं. खाली गादी नाहीतर जाड सतरंजी.

आता एक गोष्ट जी फारसं कोणी सांगत नाही. मराठी वाक्य क्रियापदाने संपतं, आणि नवखा नट वाक्याचा शेवट गिळतो. हे दोन्ही धरून लिहा. "मी बाजारातून काल गाढव विकत घेतलं होतं" यात गाढव मधे अडकलं. लोक हसायला लागतात तोवर "विकत घेतलं होतं" त्यावर येऊन पडतं. तेच "काल बाजारातून आणलं काय, तर गाढव!" असं केलं की हसवणारा शब्द शेवटी आला आणि त्याच्यापुढे मोकळी जागा मिळाली. सगळी स्क्रिप्ट पेन्सिल घेऊन अशी तपासा. प्रत्येक विनोदात हसू कोणत्या शब्दावर येतं त्याखाली रेघ मारा, तो शब्द शेवटी आणा, आणि त्यानंतर "ना", "म्हणजे", "हो की नाही" असलं काही उरलं असेल तर काटा. दगडी, उंच छपराच्या जुन्या चर्चमध्ये आवाज घुमतो. तिथे तो शेवटचा शब्द यायच्या आधी अर्धा श्वास थांबा, म्हणजे आधीच्या शब्दाचा घुमारा त्यावर चढत नाही.

हशा आला की थांबायचं. कुठवर? तो निम्म्यावर उतरेपर्यंत. पूर्ण विझू दिला तर पुढचं वाक्य गारठतं, वर चढत असताना बोललात तर वाक्य वाया जातं. थांबलेल्या पात्रांनी आहे त्या पवित्र्यात राहायचं, स्वतः हसायचं नाही. हा थांबा तालमीत येत नाही, कारण तालमीत कोणी हसत नाही. म्हणून शेवटच्या दोन तालमींना चार पोरं फक्त हसायला बसवा. आणखी एकाला मैदानाच्या टोकाला उभं करा. त्याने ऐकू आलं नाही की हात वर करायचा, बोलायचं काही नाही. शेवटची तालीम त्याच जागेवर, खुर्च्या मांडून.

लांबी: पंधरा मिनिटं फार होतात. आठ पुरेत. कागदावर सातशे ते आठशे शब्द, बाकीचा वेळ हालचाल आणि हशा खातात.

शेकोटीबद्दल. लोक आगीभोवती गोल बसतात आणि मग निम्म्यांना तुमची पाठ दिसते. घोड्याच्या नालेसारखं बसवा, उघड्या तोंडाशी स्किट. आग पात्रांच्या मागे असेल तर नुसत्या सावल्या दिसतात, पात्रांच्या आणि लोकांच्या मधे असेल तर लोकांचे डोळे दिपतात आणि धूर येतो. म्हणून आग बाजूला, वारा बघून. ५० वॅटचे दोन एलईडी फोकस आठ फुटांच्या बांबूंवर, समोरून डाव्या-उजव्या कोपऱ्यांतून. एकच लावलात तर अर्धा चेहरा काळा. जनरेटर इमारतीच्या पलीकडे, शंभरेक फुटांवर. त्याची घरघर म्हणजे सगळ्यांत मागच्या माणसाचा शत्रू. पाटी दाखवायची असेल तर वहीचं पान नको. मोठा कार्डशीट घ्या, अक्षरं चार इंच उंच, जाड मार्करने. पेन्सिल, चिठ्ठी, अंगठी असल्या बारीक वस्तूंवर विनोद बांधूच नका.

कोणावर हसायचं यात माझा हट्ट आहे. आपल्या सगळ्यांच्या सवयींवर हसा: नऊची उपासना सव्वानऊला, गायनवृंदात कायम एक ओळ पुढे असणारा एक जण, सूचना संपता संपत नाहीत. कापणीच्या सणाला चर्चमध्ये दान आलेल्या वस्तूंच्या लिलावात एकाच दुधीसाठी दोन घरांची चाललेली चढाओढ तर अख्खं स्किट देऊन जाईल. दुधी घेतला, पुन्हा दान केला, पुन्हा लिलाव. तिसऱ्या फेरीला दुधी सुकलाय आणि किंमत तिप्पट. मात्र ओळखता येईल असा माणूस नको. पाळकसाहेबांची नक्कल करायचीच असेल तर आधी त्यांना करून दाखवा. जाडी, रंग, बोबडेपणा, साडी नेसलेला पुरुष, दुसऱ्या पंथाची प्रार्थनेची पद्धत, शेजारच्यांचा धर्म, यांतलं काहीही नको. आणि गावंढ्या पात्रालाच तेवढी बोलीभाषा देऊ नका. समोर तीच बोलणारे बसलेले असतात.

बोध. कमिटी विचारणारच, "यात बोध काय?" मग शेवटी एक पात्र पुढे येऊन हात जोडून दोन मिनिटं सांगतं आणि मिळालेला सगळा हशा मातीत जातो. बोध पाळकांवर सोपवा, ते त्यांचं काम आहे आणि ते तुमच्याहून बरं करतात. स्किटचा शेवट त्यांना आधी सांगून ठेवा, म्हणजे ते तिथूनच संदेशाला सुरुवात करतील. फक्त विनंती करा की विनोद समजावून सांगू नका.

तुम्ही शेवटी दाढीचं विचारलं होतं. कापसाची दाढी शेकोटीजवळ अजिबात नको, ठिणगी पडली की भडकते. नायलॉनच्या साड्या आणि झिरमिळ्याही आगीपासून दहा-बारा फूट लांब. संदेष्ट्याला दाढी हवीच असेल तर काजळाने हनुवटी काळी करा आणि डोक्याला टॉवेल बांधा, वीस फुटांवरून तेवढं पुरतं. काजळ खोबरेल तेलाने निघतं, साबणाने नाही, तेव्हा तेलाची बाटली आणि जुनं फडकं पिशवीत ठेवा.