वाचकांचे प्रश्न : हसता हसता गुडघे का वाकतात?

प्रश्न : माझी मुलगी एकोणीस वर्षांची आहे. रात्री आठ तास झोपूनही तिला वर्गात, बसमध्ये, कधी तर जेवताना घास हातात असतानाच झोप लागते. गेल्या दिवाळीपासून खळखळून हसू आले की तिचे गुडघे वाकतात आणि ती खाली बसते. शुद्ध मात्र जात नाही. घरात सगळे तिला आळशी म्हणतात. ओळखीच्या एका डॉक्टरांनी ‘ओरेक्सिन’ कमी असण्याची शंका व्यक्त केली. हे तर भुकेचे रसायन असल्याचे मी वाचले. त्याचा झोपेशी काय संबंध? – एक वाचक, सांगली

उत्तर : आधी एक गोष्ट स्पष्टपणे सांगतो. आपण वर्णन केलेली लक्षणे आळसाची नाहीत. अनावर झोप आणि हसताना अंगातले त्राण जाणे या दोन गोष्टी एकत्र दिसल्या, की नार्कोलेप्सी या आजाराची तपासणी करून घ्यायलाच हवी.

ओरेक्सिन हे पेप्टाइड, म्हणजे अमिनो आम्लांची एक छोटी साखळी आहे. मेंदूच्या तळाशी असलेल्या हायपोथॅलॅमस या जेमतेम चार ग्रॅम वजनाच्या भागातील जेमतेम पन्नास ते ऐंशी हजार चेतापेशीच ते तयार करतात. १९९८ साली अमेरिकेतील डॅलस येथे साकुराई आणि यानागिसावा या संशोधकांना ते सापडले. ते उंदरांच्या मेंदूत सोडल्यावर उंदीर जास्त खाऊ लागले, म्हणून भूक या अर्थाच्या ग्रीक शब्दावरून त्याचे नाव ठेवण्यात आले. त्याच सुमारास कॅलिफोर्नियातील दुसऱ्या गटाने हाच पदार्थ शोधून त्याला ‘हायपोक्रेटिन’ म्हटले होते. त्यामुळे अहवालात यांपैकी कोणतेही नाव दिसले तरी गोंधळून जाऊ नये.

भुकेचे हे नाव किती अपुरे आहे, ते पुढच्याच वर्षी कळले. ज्यांच्या शरीरात ओरेक्सिन तयारच होत नव्हते अशा उंदरांचे रात्रीच्या अंधारात अवरक्त कॅमेऱ्याने चित्रण केले, तेव्हा धावता धावता ते अचानक कोसळताना दिसले. अमेरिकेतील स्टॅनफर्ड विद्यापीठात तर नार्कोलेप्सी असलेले डॉबरमन कुत्रे कितीतरी वर्षे सांभाळले होते. जमिनीवर खाऊचे तुकडे मांडले, की कुत्रा आनंदाने झेपावे, दोनचार तुकडे खाई आणि मागचे पाय लुळे पडून खाली बसे. डोळे मात्र उघडेच असत. तेथील संशोधक मिन्यो यांच्या गटाने १९९९ मध्ये दाखवून दिले, की या कुत्र्यांत ओरेक्सिनचा संदेश घेणारा ग्राहीच सदोष होता. २००० साली माणसांतील कारणही समोर आले : अशा रुग्णांच्या मेंदूत ओरेक्सिन बनवणाऱ्या बहुतेक पेशी नष्ट झालेल्या होत्या. शरीराची प्रतिकारशक्तीच या पेशींवर उलटते, असा संशोधकांचा भक्कम संशय आहे.

या पेशींचे तंतू मेंदूतील जागेपणाच्या सर्व केंद्रांपर्यंत पोहोचतात आणि ती केंद्रे दिवसभर सलग कामाला लावून ठेवतात. हा आधार गेला, की जाग आणि झोप यांमधली सीमाच डळमळीत होते. स्वप्नांच्या झोपेत आपले स्नायू सैल पडतात आणि ते योग्यच आहे, कारण नाहीतर आपण स्वप्नातल्या हालचाली प्रत्यक्षात करू लागलो असतो. आपल्या मुलीच्या बाबतीत नेमका तोच सैलपणा हसण्याच्या क्षणी जागेपणी शिरत असावा.

आता भुकेचे. रक्तातील साखर उतरली, की या पेशी अधिक सक्रिय होतात. जठरातून येणारे, भूक वाढवणारे घ्रेलिन हे संप्रेरक त्यांना चेतवते, तर चरबीतून येणारे, भूक शमवणारे लेप्टिन त्यांना शांत करते. उपाशी प्राण्याला झोपून चालत नाही, त्याला अन्न शोधायला जागे राहावेच लागते. भूक आणि जाग एकाच ठिकाणी बांधलेल्या आहेत त्या यामुळे.

मेंदूविकारतज्ज्ञांकडे जा. रात्रीच्या झोपेची नोंद घेऊन दुसऱ्या दिवशी दर दोन तासांनी झोपायला लावून तपासणी करतात. क्वचित पाठीतून पाणी काढून ओरेक्सिन मोजतात. औषधांनी आणि दुपारच्या ठरलेल्या डुलक्यांनी पुष्कळ फरक पडतो. तोवर तिला स्कूटर चालवू देऊ नका आणि पोहायला एकटी पाठवू नका. घरच्यांना हे उत्तर वाचून दाखवा, अशी माझी कळकळीची विनंती आहे.

प्रश्न : रात्रपाळीनंतर दिवसा तीनचार तासच झोप मिळते आणि मग वडापाव, फरसाण सोडवत नाही. हा मनाचा दुबळेपणा आहे का? – एक वाचक, चाकण

उत्तर : नाही. शिकागो विद्यापीठात २००४ साली १२ निरोगी तरुणांना दोन रात्री फक्त चार तास झोपू दिले, तेव्हा दहा तास झोपेच्या तुलनेत त्यांच्या रक्तातील लेप्टिन १८ टक्के कमी आणि घ्रेलिन २८ टक्के जास्त आढळले. गोड, खारट आणि पिठूळ पदार्थांची ओढही वाढली. त्यामुळे आधी झोपेचे तास वाढवा, खोलीत पूर्ण अंधार करा आणि पाळीवर जाताना भाकरी-उसळीचा डबा न्या.

प्रश्न : ओरेक्सिन अडवणारी झोपेची गोळी निघाली आहे, हे खरे का? – एक वाचक, पणजी

उत्तर : खरे आहे. सुव्होरेक्झंट या पहिल्या औषधाला २०१४ मध्ये अमेरिका आणि जपानमध्ये मान्यता मिळाली. निद्रानाशात ते उपयोगी पडते. मात्र वरच्या सांगलीच्या पत्रातील लक्षणे ज्यांना आहेत, त्यांना ते मुळीच देऊ नये.